आधी आवाज बंद करा

आमच्या जुन्या युनिव्हर्सिटीकडून पत्र आलंय. जाड गुळगुळीत कागद, वर सोनेरी शिक्का. प्रोफेसर ओदिल ग्रांव्हाल यांच्या नावानं तिथं प्रसारमाध्यमांच्या इतिहासाचं एक केंद्र निघतंय. ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं त्यांनी थोडक्या शब्दांत एखादी 'आनंदाची आठवण' लिहून पाठवावी, अशी गोड विनंती आहे. बाईंच्या 'अमूल्य संग्रहा'तूनच म्हणे या केंद्राची कल्पना सुचली.

मी ते पत्र टेबलावर आपटलं. अरविंद, माझा नवरा, पेपर बाजूला करून म्हणाला, "काय झालं?"

"निर्लज्जपणाला काही लिमिट असते की नाही?"

त्यानं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "मग लिही ना. आठवण मागतायत, तर दे त्यांना आठवण."

तर ही घ्या. थोडक्यात बसणार नाही आणि आनंदाची तर मुळीच नाही.

ऐंशीच्या दशकात मी त्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, तळघरातल्या व्हिडिओ रूममध्ये नोकरी करत होते. पुण्याला इतिहासात एम. ए. केलं होतं, लग्न होऊन इथं अमेरिकेत पार्सिपनीला आले होते, आणि त्या एम. ए.चा इथं कुणाला काडीचा उपयोग नव्हता. प्रोफेसरांना वर्गात दाखवायला कॅसेट काढून द्यायची, परत आली की जागेवर ठेवायची, एवढंच काम. माझ्याबरोबर रे नावाचा एक तंत्रज्ञ होता. मशीन बिघडलं की तो उघडायचा आणि त्याच्याशी माणसासारखं बोलायचा. बाकी आमच्याकडे कुणी फिरकत नसे. इतिहासवाल्यांना तर आम्ही त्या इमारतीत आहोत हेसुद्धा माहीत नसावं.

एक दिवस जिन्यावरून एक ठेंगणी बाई तरातरा खाली आली. पुरुषी रेनकोट, पुरुषी घड्याळ, आणि केसांच्या अंबाड्यात आडवा खोचलेला छोटा स्क्रूड्रायव्हर. मला वाटलं प्लंबिंगकडची कुणी असेल. त्यांनी हातातली पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "संध्याकाळच्या बातम्या तुम्ही रोज टेप करता का?"

"नाही."

"का नाही?"

या 'का नाही'ला मी काय उत्तर देणार? मी म्हटलं, "आजवर कुणी मागितल्या नाहीत."

"मी मागते आहे," त्या म्हणाल्या, आणि माझी खुर्ची ओढून बसल्या. मी उभीच.

या बाई म्हणजे प्रोफेसर ग्रांव्हाल. इतिहासाच्या डिपार्टमेंटमध्ये पॅरिसहून नव्यानं आलेल्या, अजून कायम न झालेल्या. राजकारणी लोक लोकांशी कसे बोलतात, कशातून बोलतात, आणि ते कोण ऐकतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांचं पहिलं पुस्तक फ्रान्समधल्या निवडणुकीच्या पोस्टरांवर होतं. भिंतींवर रातोरात पोस्टरं कोण चिकटवायचं, खळ कुठून यायची, दुसऱ्या पक्षाचं पोस्टर फाडायचं की त्याच्यावरच आपलं लावायचं, हे सगळं त्यात होतं. ते पुस्तक गाजलं. कागदाचं होतं ना, म्हणून गाजलं.

पुढचा विषय त्यांनी रेडिओचा घेतला आणि तिथं माशी शिंकली. एका मोठ्या संपाच्या दिवसांत तिथल्या एका रेडिओ केंद्रावरून लोकांना रोज काय सांगितलं जात होतं, ते त्यांना ऐकायचं होतं. केंद्रावर गेल्या तर टेपा होत्या, पण त्यांच्यावर नंतर बँडचं संगीत भरलेलं. टेप महाग होती, परत वापरली. यांच्या प्रोफेसरांनी सांगितलं, "मॅडमोझेल, जे कागदावर उरतं तो इतिहास. बाकी हवा." बाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा 'हवा' म्हणताना तोंडानं फू करायच्या आणि टेबलावर बुक्की मारायच्या. माझा चहा दर वेळी सांडायचा.

ज्या देशात सगळं राजकारण टीव्हीवर चालतं तिथं तरी मला कुणी असं म्हणणार नाही, एवढ्या भाबड्या आशेवर त्या अमेरिकेत आल्या होत्या. भाबडी हा शब्द मी मुद्दाम वापरते. इतकी संतापी आणि इतकी भाबडी बाई मी दुसरी पाहिली नाही.

बाईंना सगळ्याचाच राग यायचा. गुळमुळीत कॉफीचा, चाकांच्या खुर्च्यांचा, 'फॅसिनेटिंग' या शब्दाचा. विद्यार्थ्यानं "टीव्हीवर सांगितलं" असं म्हटलं की झालं. "टीव्हीला तोंड नसतं. कोण बोललं? कॅमेरा कुणी धरला होता?" हे त्यांचं पालुपद. माझ्या मुलीचा, मृणालचा, शाळेतल्या नाटकातला फोटो मी कौतुकानं दाखवला, तर त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "छान. कॅमेरा कुणी धरलाय? मुलगी त्याच्याकडे बघत नाहीये." फोटो अरविंदनं काढला होता आणि मृणाल त्या दिवशी खरंच बाबावर रुसलेली होती.

आम्ही बातम्या टेप करायला लागलो. मोठ्या चॅनेलच्या, आणि बाईंच्या हट्टानं आसपासच्या गावांतल्या चिल्लर चॅनेलच्याही. मी म्हटलं, "प्रोफेसर, हे कशाला? पार्किंगवरून भांडणं असतात यात."

"मादाम पेंडसे," त्या म्हणाल्या, "मोठा माणूस मोठ्या कॅमेऱ्यासमोर केस विंचरून येतो. छोट्या कॅमेऱ्यासमोर तो खरं बोलतो. आणि ही छोटी चॅनेल काहीही जपून ठेवत नाहीत. आपण नाही ठेवलं तर ते नव्हतंच."

कॅसेट भरली की अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर बाहेर यायचा. ज्यांनी ती कॅसेट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिच्या कडेला प्लास्टिकचा एक लहानसा चौकोन असायचा. तो मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही टेप होत नसे, मशीनच नकार द्यायचं. बाई तो चौकोन स्वतःच्या हातानं मोडायच्या, कट् असा आवाज यायचा, आणि तेवढ्यापुरत्या त्या खूश दिसायच्या. ते मोडके तुकडे त्या कोटाच्या खिशात टाकायच्या. चालताना खिसा खुळखुळायचा.

आणि त्यांची पाहायची पद्धत. आधी आवाज बंद करून पूर्ण कॅसेट पाहायची. मग पडद्यावर टॉवेल टाकून नुसतं ऐकायचं. मग दोन्ही एकत्र. ही शिस्त मोडणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सरळ बाहेर काढायच्या. पहिल्यांदा त्यांनी मलाच बसवलं. कुठल्याशा निवडणुकीतला उमेदवार कामगारांशी बोलत होता. आवाज बंद.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"आवाज बंद होता, प्रोफेसर."

"म्हणून तर विचारते. काय म्हणाला?"

परत लावलं. या खेपेला मला दिसलं. कामगाराचं बोलणं संपायच्या आधीच तो मान डोलवत होता, आणि मान डोलवताना त्याची नजर घड्याळाकडे होती. "तो म्हणाला, लवकर आटपा," मी म्हटलं. बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला खोकला आला. एवढी वर्षं तळघरात बसलेल्या माझ्या एम. ए.ला त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा ओळख दिली होती.

आता त्या वर्षीच्या गणपतीकडे येते.

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंद हॉलमध्ये, बसायचा. मंडळाचे अध्यक्ष दामले काका. हे मूळचे साताऱ्याचे, इथं येऊन बरीच वर्षं झालेली, एका मोठ्या कंपनीत सीनियर इंजिनियर. आम्हा नव्या लोकांना विमानतळावरून आणण्यापासून पहिलं भाड्याचं घर शोधून देण्यापर्यंत सगळं करणारा माणूस. त्या वर्षी त्यांनी पराक्रम केला. राज्याच्या निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार त्यांनी आरतीला आणला.

ते वर्ष वाईट होतं. शेजारच्या शहरांत काही टोळभैरव आपल्या भारतीय लोकांना रस्त्यात गाठून मारत होते. साडी आणि कुंकू बघून अंगावर यायचे. आम्ही बायका गाडीतून उतरण्यापूर्वी टिकली काढायचो. माझ्या गाडीच्या आरशावर टिकल्यांची ओळच लागली होती. एकदा मी बाईंना घरी सोडत होते, तेव्हा ती बघून त्यांनी विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. बाई एवढ्या भडकल्या की मला वाटलं माझ्यावरच. "तुम्ही का काढता? काढायला त्यांनी सांगितलं?" मी म्हटलं, "प्रोफेसर, मला मुलगी आहे." 

म्हणून तर दामले काकांना वाटत होतं की एक मोठा गोरा माणूस आपल्या पाठीशी उभा राहिला की सगळं थांबेल. तो आला. उंच, देखणा. काकांनी शाल घातली, काकूंनी कुंकू लावलं, त्यानं हात जोडले, "तुमची कुटुंबं म्हणजे आमच्या राज्याची शान आहेत" असं काहीतरी भाषण ठोकलं. टाळ्या नुसत्या. अरविंद व्हिडिओ काढत होता. भाड्यानं आणलेला कॅमेरा त्यानं स्टँडवर लावला, आणि मग प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कॅमेरा बंद करायचा असतो हे साहेबांच्या लक्षातच राहिलं नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी मला फोन करून बोलावलं. तोच माणूस, दुसऱ्या गावच्या एका चिल्लर चॅनेलवर, खुर्चीत रेलून बसलेला. आपल्यातल्या एका मुलाला मारहाण झाली होती, त्याबद्दल त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "हिंसा वाईटच. पण रस्ते, दुकानं, सगळीकडे हेच लोक दिसायला लागले, तर आपल्या पोरांना राग येणारच. तो राग मी समजू शकतो."

मी परत लावायला सांगितलं, परत तेच. बाई मात्र शांत होत्या. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. कट्.

दामले काका आधीपासूनच गणपतीच्या कॅसेटची एक प्रत मागत होते, पुढं साताऱ्याला गेल्यावर दाखवायला. अरविंदची मूळ कॅसेट मी बाईंकडेच दिली होती, त्यांनी ती प्रत स्वतः करून दिली. पहिल्या भागात अरविंदनं घेतलेली आरती आणि भाषण, आणि त्याच्या पाठोपाठ, एका शब्दाचीही भर न घालता, ती मुलाखत. चौकोन मोडून कॅसेट माझ्या हातात ठेवली. "तुमच्या अध्यक्षांना द्या. दोन्ही त्यांचीच आहेत."

मी दिली. काकांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

तो माणूस निवडून आला. त्यानंतर आपले काही लोक त्याला भेटायला गेले आणि त्या मुलाखतीबद्दल त्यांनी विचारलं, तर हसून म्हणाला, "मी असं बोललोच नाही. दाखवा." त्या चॅनेलकडे टेप नव्हती. बाईंकडे होती. त्यांच्या नव्या पुस्तकाचं मधलं प्रकरणच त्याच्यावर होतं. एक माणूस, एक आठवडा, दोन कॅमेरे. वसंतात त्या कायम होणार की नाही ते ठरायचं होतं आणि सगळी भिस्त त्या पुस्तकावर होती. "फेब्रुवारीत जाहीर व्याख्यान देते," त्या म्हणाल्या. "दोन्ही टेप शेजारी शेजारी लावते. आधी आवाज बंद करून."

ख्रिसमसच्या सुट्टीत बाई पॅरिसला आईकडे गेल्या. लायब्ररीला कुलूप.

जानेवारीत मी कामावर आले तर व्हिडिओ रूमच्या फळ्या नीटनेटक्या दिसत होत्या. फारच नीटनेटक्या. कॅसेट होत्या तिथंच, पण बाईंच्या हिरव्या शाईच्या चिठ्ठ्या खरवडून काढलेल्या. टेबलावर इस्त्रीसारखं दिसणारं एक यंत्र पडलं होतं आणि त्याच्यासमोर रे डोक्याला हात लावून बसला होता.

ते यंत्र म्हणजे मोठा लोहचुंबक. कॅसेटवरून एकदा फिरवला की आत काही उरत नाही. मशीन त्या मोडक्या चौकोनाला मान द्यायचं. लोहचुंबकाला काय त्याचं? रोज एकेक चौकोन मोडत आलेल्या बाईंना हे माहीतच नव्हतं.

"फुटबॉलच्या टीमला कॅसेट हव्या होत्या," रे म्हणाला. "हिस्टरीचे हेड म्हणाले, आमच्या त्या पडून आहेत, घ्या. मी म्हटलं, प्रोफेसरना विचारा. ते म्हणाले, हे नुसते टीव्हीचे कार्यक्रम आहेत." त्याचे डोळे लाल झाले होते. "मी सही घेतली. पण केलं मीच."

एवढ्यासाठी. कुणी कट केला असता, त्या उमेदवारानं कुणाला फोन केला असता, तरी मला समजलं असतं. शत्रूनं केलं म्हणून रडता आलं असतं. पण इथं कुणाच्या मनात काही नव्हतंच. खेळाच्या सरावासाठी रिकाम्या कॅसेट हव्या होत्या, आणि इतिहासाच्या प्रमुखाला त्या भरलेल्या आहेत असं वाटलंच नाही.

बाई आल्या. फळीसमोर उभ्या राहिल्या. एक कॅसेट काढून मशीनमध्ये घातली, करडे ठिपके पाहिले. दुसरी घातली. मग रेजवळ गेल्या. मला वाटलं आता त्याचं काही खरं नाही. त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, नीट, दोन्ही हातांनी, आणि मला म्हणाल्या, "चला."

हॅल्स्टेड, म्हणजे तो प्रमुख, सभ्य माणूस. हे मी शिवी म्हणून लिहिते आहे. कॅसेट लायब्ररीच्या ताब्यात होत्या म्हणून मलाही त्यानं बसायला सांगितलं. तो फार फार दिलगीर होता. गैरसमज झाला म्हणाला. "पण ओदिल, तुमच्याकडे त्यातलं बोलणं टाइप केलेलं असेलच ना? ते पुस्तकात द्या. तुम्हाला कायम करणाऱ्या समितीला तेवढं पुरेल."

"हसणं टाइप कसं करतात?" बाईंनी विचारलं.

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

"तुम्ही आत्ता हसलात," बाई म्हणाल्या, "हे कुठल्या कागदावर लिहू? हे मला याआधीही एकदा ऐकवलंय, डॉक्टर हॅल्स्टेड. तिकडे म्हणाले, हवा. तुम्ही म्हणता, टीव्हीचे कार्यक्रम. एक माणूस इथं एक बोलला आणि तिथं दुसरं बोलला, याचा एकच साक्षीदार होता. तुम्ही तो साक्षीदार चेंडू पकडायच्या सरावासाठी देऊन टाकलात."

त्याचा आवाज आणखी मऊ झाला. साधनांवाचून पुस्तक नाही, पुस्तकावाचून समिती काय करणार, आणि समितीच्या मनाविरुद्ध तो तरी काय करणार? शनिवारी घरी छोटीशी पार्टी आहे, युनिव्हर्सिटीचे विश्वस्त येणार आहेत, तुम्ही जरूर या, मन रमेल, असं म्हणून त्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं. त्या माणसानं नोकरी घेतली आणि जेवायचं आमंत्रण दिलं, एका दमात.

जिना उतरताना मला एकदम दामले काकांची कॅसेट आठवली, आणि मी तसं बोलून दाखवलं. बाईंनी जिन्यातच माझे दोन्ही दंड धरले.

शनिवारी दुपारी बर्फातून आम्ही काकांकडे पोचलो. काकू चहाचं बघायला आत गेल्या. मी काकांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काका, ती कॅसेट आहे ना अजून?"

"आहे की. ही काय, टीव्हीखाली. आल्यागेल्याला दाखवतो मी." काकांनी कॅसेट काढली. तिच्या कडेला, मोडलेल्या चौकोनाच्या जागी, चिकटपट्टी लावलेली होती. भोकावर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं आणि परत टेप करायला लागतं.

"काका, हे काय?"

काका बाईंकडे बघेनात. मराठीत म्हणाले, "अगं, पहिला पार्ट तसाच्या तसा आहे. आरती, स्पीच, सगळं. ते पुढचं... त्याच्यावर आमच्या रोहनचा बर्थडे टेप केला. गणपतीच्या कॅसेटवर असलं अभद्र कशाला ठेवायचं? साताऱ्याला काय दाखवू? ज्याला शाल घातली तो हे बोलतो म्हणून?"

मला इतका राग आला की मी काकांना, ज्यांनी मला या देशात पहिल्यांदा घरी नेऊन जेवू घातलं त्या माणसाला, ओरडून म्हटलं, "मग हॅल्स्टेड आणि तुमच्यात फरक काय राहिला, काका? त्यानं फुटबॉलसाठी घालवलं, तुम्ही केकसाठी!"

काकू ट्रे घेऊन दारातच थांबल्या. काका खाली बघत होते. बाईंना भाषा कळली नव्हती, पण बाकी सगळं कळलं असावं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जे आहे ते लावा. आणि आवाज बंद करा."

जिम दिसली. झांजा दिसत होत्या, वाजत नव्हत्या. काका शाल घालताना दिसले. "आता फक्त त्याच्याकडे बघा," बाई म्हणाल्या. "गणपतीकडे नाही, स्वतःकडेही नाही." काकू कुंकू लावताना दिसल्या. तो वाकला, हसला, हात जोडले. भाषण झालं. लोक प्रसादाकडे वळले. इथं एरवी सगळे टीव्ही बंद करत, कारण पुढं नुसती रांगच होती. अरविंदचा विसरलेला कॅमेरा मात्र चालूच होता. कोपऱ्यात, बास्केटबॉलच्या खांबाशी, तो एकटा दिसला. त्यानं खिशातून रुमाल काढला, जिभेला लावून ओला केला आणि कपाळ खसाखसा पुसलं. रुमाल उलटा करून बघितला. परत पुसलं. मग चेहऱ्यावर ते हसू परत चढवून काकांशी हात मिळवायला आला.

काकांनी ती कॅसेट चार महिन्यांत किती जणांना दाखवली असेल. आम्हीही पाहिली होती, टाळ्या वाजवत.

"हे मीसुद्धा पाहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. "प्रत करताना मला मुलाखतीची घाई होती. हे मी नुसतं कॉपी केलं. यासाठी मी मुलांना वर्गाबाहेर काढते."

"पण याच्यावरून काही प्रूव्ह होत नाही," काका इंग्रजीत म्हणाले.

"नाही. कोर्टात काहीच नाही. पण हे घडलं."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "मी लावलं होतं ते," त्या म्हणाल्या. "पुसायचंच होतं तर मेल्यानं गाडीत बसून पुसायचं होतं." आणि त्या तडक आत गेल्या.

काका उठले. त्यांनी मशीनमधून कॅसेट काढली, नखानं ती चिकटपट्टी सोलली, तिची गोळी करून खिशात घातली, आणि कॅसेट दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. "सॉरी, प्रोफेसर," एवढंच म्हणाले. बाईंनी ती घेतली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही रागानं आणि लाजेनं रडले.

आम्ही निघालो तेव्हा काकू करंडा घेऊन दारात उभ्या होत्या. घरी आलेल्या बाईला जाताना कुंकू लावतात तसं त्यांनी आधी मला लावलं, मग बाईंसमोर उभ्या राहिल्या. विचारलं वगैरे काही नाही. चांगलं ठसठशीत लावलं. मला म्हणाल्या, "या नाही पुसायच्या."

गाडीत बसल्यावर मी सवयीनं रुमालाकडे हात नेला. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी हात काढला.

"घरी सोडू ना?" मी विचारलं.

"नाही. पार्टीला."

अंधार पडू लागला होता. हॅल्स्टेडचं घर टेकडीवर, पुढं भिंतभर काच, आत झगझगीत दिवे. बाई उतरल्या, कॅसेट कोटाच्या आतल्या खिशात सरकवली, अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर सारखा केला. "थांबू नका," म्हणाल्या. खिसा खुळखुळवत वर गेल्या.

मी थांबले. त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी ते शहर सोडलं. कॅनडात कुठल्याशा लहान कॉलेजात शिकवलं, अधूनमधून पत्रं यायची, पण परत भेट झाली नाही. माझ्याकडे त्यांची ही शेवटची आठवण आहे. केंद्रवाल्यांनी हवी तर भिंतीवर लावावी.

गाडीच्या काचा बंद होत्या. समोर ती उजेडाची चौकट. बाई आत शिरल्या, रेनकोट न काढता. हातात ग्लास घेतलेले लोक वळून बघायला लागले. हॅल्स्टेड हसत पुढं आला, आणि मग त्याचं लक्ष बाईंच्या कपाळाकडे गेलं. त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं, इथं काहीतरी लागलंय. टेबलावरचा नॅपकिन उचलून अगदी अदबीनं पुढं केला.

बाईंनी नॅपकिनकडे पाहिलं. मान हलवली. मग त्या काहीतरी बोलल्या, फार नाही, एखादं वाक्य असेल. नॅपकिन धरलेला त्याचा हात तसाच राहिला आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मला सगळं दिसलं होतं.